सुतकाच्या दारातली रांगोळी

लग्न होऊन मला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव मानोऱ्याच्या वाटेवरचं. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता. कागदपत्रं अकोल्याला जायची आणि राजधानी नागपूर होती. गाव इजाऱ्याचं. म्हणजे इंग्रजांच्या काळात एकानं अख्खं रान सरकारकडून पट्ट्यानं घेतलं, माणसं आणून वसवली आणि तो गावाचा मालक होऊन बसला. पुढे सरकारनं कायदा करून ही मालकी काढून घेतली. कागदावरचा इजारदार गेला, पण त्याच्या नातवाचा तोरा काही गेला नाही. गुरं चारायची सरकारी पड जमीन, जिला आमच्याकडे ई-क्लास म्हणतात, ती त्यानं त्या वर्षी सरळ नांगरून टाकली. भोवती काट्यांचं कुंपण घातलं. कुंपणात शिरलेली गावची गुरं त्याची माणसं हाकलून कोंडवाड्यात नेऊ लागली.

गावानं दोनदा अर्ज केला. एक साहेब आले, इजारदाराच्या ओसरीवर चहा प्याले आणि जमीन न बघताच गेले. त्यानंतर गावातल्या बाप्यांनी मारुतीच्या देवळात बेलभंडारा उचलला. हातात बेलाचं पान आणि हळद घेऊन शपथ वाहिली, की यापुढे काहीही झालं तरी कोणी कोणाचं नाव सांगायचं नाही. बायांना कोणी विचारलंसुद्धा नाही. आम्ही घरोघरी भाकऱ्या थापत होतो आणि आम्हाला सगळं ठाऊक होतं.

आधी कुंपणं उपटली गेली. तेव्हा एक जमादार आणि चार शिपाई चावडीत मुक्कामाला आले. त्यांना घरटी पाळीनं भाकरी पोचवायची. ज्यांना धरायला आले त्यांच्याच घरचं खायचं, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. रोज चार-दोन माणसं चावडीत बोलावली जायची आणि गाल सुजवून घरी यायची. कोणी तोंड उघडलं नाही. आडावरही बाया गप्प असायच्या, आणि मी तर जन्माची बडबडी, माझा जीव त्या शांततेत गुदमरायचा.

माघात एका रात्री इजारदाराच्या विहिरीजवळच्या कडब्याच्या गंज्या पेटल्या.

पहाटे मी सडा टाकायला दार उघडलं. आमच्या गल्लीची माती पांढरी. तिच्यावर काळ्या चिखलाची पावलं उमटली होती, गल्लीच्या तोंडापासून थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत. इजारदाराच्या ओलिताच्या गव्हाला आदल्या दिवशीच पाणी दिलेलं. त्यातून कोणीतरी पळत आलं होतं. कोण, ते विचारायची गरज नव्हती. डाव्या पावलाला चारच बोटं होती. भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिराची करंगळी लहानपणी गाडीच्या चाकाखाली गेली होती. गावात तसा पाय दुसऱ्या कोणाचा नव्हता.

सासूबाईंना उठवायला हवं होतं, पण मला घाई फार. सगळ्या कामात माझे हात आधी आणि डोकं मागून, असं त्या म्हणायच्याच. मी खराटा घेतला आणि उंबऱ्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत खसाखसा झाडत गेले. मग शेणाचा सडा. नुसत्या आमच्या दारात टाकून भागणार नव्हतं. गल्लीत चार घरं, चारी घरांपुढे टाकला. बादलीवर बादली. पावलं पुसली गेली. आणि सडा टाकला की त्यावर रांगोळी ओढायची, ही हाताची सवय. रांगोळीवाचून नुसता सडा आमच्याकडे कोणी ठेवत नाही. संशय नको म्हणून मी चारी दारांत भराभर चार ठिपक्यांची फुलं काढली आणि घरात येऊन चूल पेटवली. मोठी हुशारी केली असं मला वाटत होतं. आजही ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर काकीचं होतं. काकी आमच्या नात्यातली नव्हे, त्यांचं आणि आमचं सुतक लागत नव्हतं, शेजारपणाची काकी. तिचा नवरा जाऊन सहावा दिवस होता. सुतकाच्या घरापुढे रांगोळी पडत नाही, हे पाच वर्षांच्या पोरीलाही कळतं. मला त्या पहाटे कळलं नाही.

जमादार शहरातला असता तर वाचलो असतो. तो मालेगावकडचा, कुणब्याच्या घरातला. गव्हाच्या चिखलात रुतलेल्या पावलांची बोटं मिटून गेली होती, तरी उजाडल्यावर तो माग काढत शिपायांना घेऊन आला आणि काकीच्या दारापुढे थांबला. आत घोंगडीवर काकीचा एकुलता एक मुलगा क्रियेला बसलेला दिसत होता.

"कोन गेलं या घरातलं?" त्यानं विचारलं.

"बाप गेला, साहेब. आज सहावा दिवस हाये," मुलगा म्हणाला.

"सहावा. अन् दारात रांगोळी?"

काकी बाहेर आली. खाली बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "म्या नाई काढली, साहेब. देवाच्यान नाई."

"मंग कोनं काढली? वर गेला त्यानं? माह्या घरी बी मयत झाली हाये, बाई. मले शिकवू नोको. माग या गल्लीच्या तोंडाशी संपून राह्यला, अन् इथूनच सडा सुरू."

मी आमच्या दाराआड उभी होते. काकीनं मान वळवून गल्लीतली बाकीची तीन दारं पाहिली. एकच हात, एकच फूल. तिची नजर येऊन माझ्यावर थांबली. तिला सगळं कळलं, हे मला स्पष्ट दिसलं. ती घरात गेली आणि दार लावून घेतलं.

जमादाराला कारणही आयतं मिळालं. काकीची गाय कोंडवाड्यात उपाशी मेली होती आणि म्हाताऱ्यानं मरण्याआधी इजारदाराला भर रस्त्यात शिव्या घातल्या होत्या. त्यांनी मुलाला तसंच, अनवाणी, चावडीत नेलं. चार दिवसांनी बापाचा दहावा. पिंड द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

घरात मी आधी रडले, मग चिडले. भाऊजी माळ्यावर कापसाआड बसून होते. मी शिडीवर चढून म्हणाले, "भाऊजी, तुमी जाता का मी जाऊ?"

खालून सासूबाईंनी माझा पदर ओढला. "चूप बैस. तोंडाले कुलूप लाव."

भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मी एकटा नव्हतो. मले मारलं अन् माह्या तोंडातून तिघांची नावं निंगाली, त मंग? बेलभंडारा उचलला हाये. थो पोरगा निर्दोष हाये, त्याले काहीच माहीत नाई. सोडतीन त्याले."

"अन् नाई सोडलं त? दहावा कोन करन?"

ते कापसाआड आणखी मागे सरकले. माझे मालक दारात बसून बैलाचं दावं वळत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्या क्षणी मला त्या घरातल्या सगळ्यांचा राग आला, माझ्यासकट.

दुसऱ्या दिवशी भाकरीची पाळी आमची होती. भाकऱ्या बाप्यांनी पोचवायच्या, पण मी दुरडी उचलली आणि कोणी काही म्हणायच्या आत डोईवर पदर ओढून निघाले. सून एकटी चावडीत गेली, हे पुढं वर्षभर गावाला बोलायला पुरलं.

चावडीत काकीचा मुलगा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. हात पुढे बांधलेले. तोंडावर सूज. मी दुरडी ठेवली आणि एका दमात म्हणाले, "साहेब, थे रांगोळी म्या काढली. काकीनं नाई. मी नवीन हाये, सुतकाचं ध्यानात राह्यलं नाई. याले सोडा."

जमादारानं भाकरी उचलली, पालटून पाहिली. रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "मले माहीत हाये," तो म्हणाला. "चारी फुलं मी पायली. कोन्या बाईचा हात हाये, थे मले कालच समजलं. तू येतेस का नाई, थेच पाहून राह्यलो होतो. आता सांग, सुतकाचं घर इसरून जाशीन इतकी घाई तुले कायची झाली होती? कोनाचे पाय पुसले?"

मी दुरडीवरचं फडकं सारखं करू लागले.

"नवऱ्याचं नाव घेत नाई तुमी बाया, ठीक हाये. दुसऱ्या कोनाचं असन त घे. तू नाव घे, अन् याले आत्ता या पायी घरी धाडतो. दहावा बी होईन अन् तेरावा बी होईन."

एक शब्द. नुसता एक शब्द माझ्या जिभेवर होता. मी काही शपथ घेतलेली नव्हती. समोर बापाच्या सुतकातला पोरगा मार खाऊन बसलेला, आणि माळ्यावर माझा दीर, जो मला माहेरी न्यायला-आणायला बैलगाडी जुंपायचा, माझ्या बडबडीला एकटा हसायचा. मी कोपऱ्याकडे पाहिलं. मुलगा माझ्याकडेच बघत होता.

"घरी जा, वहिनी," तो म्हणाला.

मी गेले. वाटेत मला वाटलं, आपण फार मोठं काही केलं. घर राखलं, गाव राखलं. घरी गेल्यावर मी कोणाला काही सांगितलं नाही, पण चावडीतलं बोलणं तासाभरात गावभर झालं होतं. सासूबाईंनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं माझं ताट वाढलं. भाऊजी माळ्यावरून उतरले नाहीत. जेवलेही नाहीत.

पुढचे तीन दिवस चावडीवरून येणारा आवाज आमच्या घरापर्यंत पोचायचा. मी जातं घेऊन बसायची, दळायला काही नसलं तरी.

दहाव्याच्या दिवशी पाटलांनी जमादाराचे पाय धरले. तो अगदीच दगड नव्हता. मुलाच्या कमरेला दोर बांधून, दोर शिपायाच्या हातात देऊन, त्याला पिंडापुरतं नदीवर न्यायचं ठरलं. बायांनी दहाव्याला जायचं नसतं. पण त्या दिवशी गावातल्या एकूण एक बाईला धुणं आठवलं आणि आम्ही गाठोडी घेऊन पलीकडच्या काठावर, नदी ओलांडायच्या उताराशी जाऊन बसलो. काकी मात्र घरात होती. नदीला पाणी थोडं, अलीकडचं बोलणं पलीकडे ऐकू येत होतं.

सगळं गाव जमलं होतं. न्हाव्यानं आधी मुलाचं डोकं केलं. मग रीतीप्रमाणे त्याचे भाऊबंद, म्हणजे लांबचे दोन चुलते, एकेक करून बसले. ते उठल्यावर भाऊजी गर्दीतून पुढे आले आणि न्हाव्यापुढे बसले. चार दिवस दिवसाउजेडी ते कोणाला दिसले नव्हते. न्हावी वस्तरा धरून तसाच राहिला.

"तुमाले कायले? तुमाले कुठी सुतक हाये?"

"कर," भाऊजी म्हणाले.

माझ्या शेजारी सासूबाई कपडा पिळत होत्या. त्यांचे हात थांबले. केस खाली पडत होते. जमादार शिपायांच्या मधून दोन पावलं पुढे आला होता. डोकं झाल्यावर भाऊजी नदीत बुडी मारून आले, ओल्या अंगानं त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "गंज्या म्या पेटवल्या. एकटाच होतो. त्याच्या कमरेचा दोर मले बांधा. त्याले मोकळ्या हातानं बापाले पिंड देऊ द्या."

जमादारानं खाली, त्यांच्या ओल्या पायांकडे पाहिलं. मग स्वतः दोर सोडला. मुलगा पिंडाकडे वळला तेव्हा त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. चुलत्यानं त्याला काखेत धरलं. तिघांची नावं पुढे कितीही मारलं तरी भाऊजींच्या तोंडून निघाली नाहीत, हे इथेच सांगून टाकते.

त्यांना घेऊन शिपाई आमच्या बाजूच्या उतारानंच निघाले, ठाण्याची वाट तीच होती. सासूबाई उठून पुढे धावल्या. भाऊजींनी वाकून आपले बांधलेले हात त्यांच्या पायांना लावले. मग माझ्यापाशी क्षणभर थांबले. मला वाटलं, आभार मानतील. मी मनातल्या मनात तयारही झाले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमी माह्यं नाव घ्यायले पायजे होतं. बेलभंडारा आमी उचलला होता, तुमी नाई. त्याचे तीन दिस वाचले असते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. मी काहीतरी बोलायला गेले आणि जन्मात पहिल्यांदा मला बोलायला काही सापडलं नाही. ते गेले.

भाऊजी शिक्षा भोगून परत आले, त्यांचं लग्न झालं, संसार झाला. नांगरलेल्या ई-क्लासपैकी निम्मी जमीन पुढे गावाच्या गुरांना परत मिळाली. इजारदार सगळं विकून नागपूरला गेला. काकीनं मला कधीच दोष दिला नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात तिनंच मला न्हाऊ घातलं. गावाच्या दृष्टीनं ते प्रकरण तिथं मिटलं.

पण चावडीतल्या त्या तीन दिवसांत काकीच्या मुलाचा डावा कान गेला, तो कायमचा. आता आम्ही दोघंही म्हातारे झालो. तो रोज आमच्या दारावरून शेतात जातो, आणि त्याच्याशी काही बोलायचं असलं की मी आधी उठून त्याच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहते.