जमनामावशीचे झिंगे

जमनामावशीची आणि माझी पहिली भेट झाली ती तिने माझी कढई उचलून नेली तेव्हा. बाभुळगावच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू होऊन मला जेमतेम पंधरवडा झाला होता. भाड्याच्या दोन खोल्या होत्या, आणि सुट्टीचा दिवस होता. बाजारातून धरणाचे ताजे झिंगे आणले होते आणि मोबाईलवर व्हिडिओ बघत हवाई बेटांवरचे लसणातले झिंगे करायचा घाट घातला होता. लसूण लोण्यात पडला, आणि पुढे काय करायचं ते बघायला मी मोबाईल हातात घेईपर्यंत काळा झाला. धूर खिडकीतून बाहेर गेला आणि दारावर थाप पडली.

दारात साठीची, उंच, हडकुळी बाई उभी होती. हातभर गोंदण.

"लसूण कोनं जाळला?"

"मी. म्हणजे, जरा लक्ष नव्हतं..."

"काहून नव्हतं?"

 तिने उत्तराची वाट पाहिली नाही. ती आत आली, कढई फडक्यात धरली, बाहेरच्या नालीत रिकामी केली आणि मोरीत घासून परत आणली. मग तिची नजर मोबाईलवर गेली. त्यात एक माणूस भाताच्या दोन मुदींशेजारी झिंगे मांडत होता. ती बघतच राहिली.

"हे हवाईचं हाय," ती म्हणाली. "तिथं मी सहा वर्सं होतो. सरक तिकडं."

बाभुळगावात, बाजारामागच्या गल्लीत, शेजारच्या खोलीत राहणारी बंजारा समाजाची एक म्हातारी विधवा मला हवाईचा पदार्थ शिकवत होती. शिकवत होती म्हणजे रागावत होती. तिच्याजवळ शिकवण्याची दुसरी पद्धत नव्हती. "पाय काप, मिशा काप, साल नको काढू. कात्रीनं पाठ चीर, काळा दोरा काढ. कोरडं पूस. ओलं टाकशीन तर ते शिजते, भाजत नाई." मैदा, रंगाचं तिखट, मीठ, मिऱ्याची पूड यांत तिने झिंगे घोळवले. लसणाचे दोन अख्खे गड्डे जाडसर कापून तेल-लोण्यात मंद आचेवर ठेवले आणि गव्हाच्या रंगाचे झाले तसे वाटीत काढून घेतले. मग आच मोठी करून झिंगे टाकले. "हे पाहाय. विळ्यासारखा वाकला की झाला. कड्यासारखा गोल झाला की गेला. मंग रबर चावत बस." शेवटी लसूण परत कढईत, वरून अर्धं लिंबू. मी बोटं चाटत होते, आणि ती माझ्याकडे असं पाहत होती की जणू चव लागणं हाही माझा गुन्हाच आहे.

पुढच्या तीन वर्षांत मला कळलं की ही बाई रोज कुणावर तरी रागावलेली असते. पाणी मारून वजनाला जड केलेले झिंगे विकणाऱ्यावर, शाळेसमोर गाडी आडवी लावणाऱ्यावर, अर्ध्या वाक्यात "जाऊ द्या" म्हणणाऱ्यांवर तर फारच. रागावली की ती लसूण सोलायला बसायची. त्यामुळे आमच्या गल्लीत कुणालाच लसूण सोलावा लागत नसे. सकाळी दाराशी पानात गुंडाळलेल्या पाकळ्या असायच्या. ज्याच्यावर राग, त्याच्याही दाराशी.

हवाईला ती कशी गेली, हे तिने एका दमात कधीच सांगितलं नाही. यवतमाळच्या एका घरची सून नवऱ्याच्या नोकरीसाठी तिकडे गेली होती. सासू म्हातारी, पायांनी अधू. तिची सेवा आणि घरचा सैपाक करायला नवरा नसलेली, मूलबाळ नसलेली जमना बरी, म्हणून तिला नेलं. कागदपत्रं त्यांनीच केली आणि त्यांच्याच कपाटात ठेवली. दोन वर्षांसाठी म्हणून गेलेली बाई सहा वर्षांनी परतली, तीही सासू वारली म्हणून.

एका संध्याकाळी तिने मला याडीची, म्हणजे तिच्या आईची गोष्ट सांगितली. तांड्यावर याडी वारली तेव्हा भावाने हवाईच्या त्या घरी फोन केला होता. वहिनीसाहेबांनी, मावशी त्या सुनेला असंच म्हणायची, तो उचलला आणि जमनाला काहीच सांगितलं नाही. घरी पाहुणे यायचे होते. चाळीस माणसांचा सैपाक होता. नऊ दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर, चहा घेता घेता सांगितलं.

"मी चप्पल न घालता निंगालो," मावशी म्हणाली. "समुद्राच्या बाजूनं चालत गेलो. रस्त्यात एक ट्रक उभा राहे, झिंगे विकाचा. त्यातली बाई जाडजूड, माह्याच वयाची. तिची भाषा मले नाई, माही तिले नाई. तिनं पाहालं, आन् कागदाची पलेट भरून देल्ली. मी खाल्ली. रडत खाल्ली." नंतर म्हातारीची चाकाची खुर्ची ढकलत ती दर दोन-चार दिवसांनी त्या ट्रकपाशी जायची आणि बघत बघत शिकली. "त्या मुलखात मले खाली बस म्हननारी ती एकच."

मी विचारलं, "मावशी, तुमचा भाऊ तांड्यावर आहे ना? मग तुम्ही इथे एकट्या का?"

 तिने लसणाची टोपली पुढे ओढली.

मागच्या वर्षी त्या वहिनीसाहेब पुतण्याच्या लग्नाला यवतमाळला आल्या. त्यांनी गाडी पाठवली. लग्नाआधी घरी जेवण होतं आणि जमनाच्या हातचे हवाईचे झिंगे पाहुण्यांना खाऊ घालायचे होते. मावशी जाणार नाही अशी माझी खात्री होती. ती म्हणाली, "जातो. तू पन चाल."

घर मोठं होतं. स्वयंपाकघरात ओट्याभोवती दहा-बाराजण जमले होते, मोबाईल वर करून. मावशीने लसूण तळून काढला, झिंगे टाकले. वहिनीसाहेब मोबाईलकडे बघून बोलू लागल्या. "ही आमची जमना. तिकडे मी शिकवलं हिला सगळं. आमच्या घरातलीच आहे ती."

मावशीने गॅस बंद केला.

"वहिनीसाहेब," ती म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "माही याडी मेली तवा तुम्ही मले किती दिवसानं सांगतलं?"

"अगं, आत्ता हे कशाला? पाहुणे आहेत."

"तवा बी पाहुनेच होते. किती दिवसानं?"

"जमना, तुझ्या भल्याचाच विचार केला होता मी. तू इतक्या लांब, काय करणार होतीस?"

"रडनार होतो," मावशी म्हणाली.

कुणीतरी हळूच मोबाईल खाली केला. बंद गॅसवरच्या तापल्या कढईत झिंगे वाकत वाकत पार गोल झाले. एक मिनिट जास्त झालं तर घर डोक्यावर घेणारी ती बाई, तिने कढईकडे पाहिलंसुद्धा नाही. "किती दिवसानं, ते सांगा. या लोकाईले सांगा."

आणि इथे मी जे केलं त्याचा मला अजून राग येतो. मी मावशीचा दंड धरला आणि म्हणाले, "मावशी, जाऊ द्या ना. चला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खोचलेला पदर सोडला आणि बाहेर पडली. परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही.

महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. दाराशी लसूण येत राहिला. तो उचलताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी मी तिच्या खोलीत गेले आणि माफी मागितली.

"माफी ठेव," ती म्हणाली. "मले सांग, काहून गप केलं मले?"

मी कारणं शोधली. तमाशा नको, तुमचीच शोभा होईल, असं काहीबाही. ती ऐकत राहिली. मग मी खरं ते बोलले. "मला भीती वाटली. मोठं घर, मोठी माणसं. मला तिथून निघून जायचं होतं."

"हां," ती म्हणाली. "हे खरं हाय."

मग ती उठली. चहा ठेवला. कप माझ्यापुढे ठेवताना म्हणाली, "तुले वाटते मले वहिनीसाहेबाचा राग हाय. तिचा हाय, पन थोडा. त्या दिवशी ट्रकपासून मी वापस गेलो. भांडे पडले होते. मी भांडे घासले, पोरी. म्हातारीले जेऊ घातलं. दुसऱ्या दिवशी बी घासले. मी तिले तोंडावर एक शब्द बोललो नाई, वापस येईस्तोवर, दोन वर्सं. मले राग माहा हाय."

तिची समजूत घालायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. तेवढं मी शिकले होते.

या उन्हाळ्यात ती गेली. पहाटे छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी आणि मी रिक्षाने दवाखान्यात नेलं, डॉक्टर यायच्या आधीच सगळं संपलं. तिच्या पिशवीत भावाचा नंबर सापडला. तो दुपारी टेम्पो घेऊन आला. मितभाषी, पागोटं बांधलेला म्हातारा. इतकी वर्षं जो तासाभराच्या वाटेवरून एकदाही आला नाही, तो तिला न्यायला आला, याचा मला संताप आला. तरी मी तिची पिशवी त्याच्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले. लिंबाखाली बायामाणसं बसली होती. कुणी म्हणालं, "लय रागीट बाई होती." बाकीच्यांनी माना हलवल्या. मग एक म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "सोताच्या याडीच्या मातीले आली नाई ते. परदेशात राहून लय मोठी झालती."

मी विचारलं, "त्यांना खबर कधी मिळाली, माहीत आहे तुम्हाला?"

भाऊ म्हणाला, "मी सोता फोन केलता. त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी पन केला, तिसऱ्या दिवशी पन. त्या घरची बाई म्हने, सांगतलं तिले, तिले बोलाचं नाई."

मी सगळं सांगितलं. नऊ दिवस, चाळीस माणसांचा सैपाक, समुद्राच्या कडेने अनवाणी चालणं, घासलेली भांडी. मोठ्याने सांगितलं, मागे बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं.  शेवटपर्यंत थांबले नाही.

सांगून झाल्यावर भावाने विचारलं,

"तिनं आमाले सांगतलं काहून नाई?"

"तुम्ही विचारलं होतं?"

त्याने मान हलवली, नाही अशी. मग म्हणाला, "दहाव्या दिवशी तिचा फोन आलता. तिचा आवाज आयकला आन् मी ठेवून देल्ला. वापस आल्यावर ती इथं आलती एक डाव. मी दारात उभा होतो. आत ये म्हटलं नाई. ती तशीच फिरली."

तो माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी म्हणावं, तुम्हाला तरी काय माहीत होतं, चूक त्या बाईची, असं काहीतरी, याची तो वाट बघत होता. शिक्षिकेच्या तोंडी असले शब्द नेहमी तयार असतात. मी ते बोलले नाही. उठले, चप्पल घातली आणि सडकेकडे चालू लागले.