आतून ठोकळा कुणी धरला होता?

हा अनुभव लिहावा की नाही, यावर माझं स्वतःशीच बरेच दिवस भांडण चाललं होतं. या सदरातले अनुभव मी वाचायचे ते निव्वळ करमणूक म्हणून... आणि चांगला रंगलेला एखादा मिळाला की नवऱ्याला वाचून दाखवून दोघं मिळून हसायचो. आम्ही बौद्ध. नागपूरच्या घरात बैठकीच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या, आणि बाबा शाळेत सायन्स शिकवायचे. गल्लीत कुणाला काही 'लागलं' असं ऐकलं की बाबा सांगणाऱ्यालाच घरात बसवून, चहा पाजून, तासभर प्रश्न विचारून हैराण करायचे. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले तीही त्यांच्यामुळेच. थोडक्यात, भूतबाधा या विषयात मी पक्की नास्तिक. अजूनही आहे... निदान तसं म्हणते तरी.

आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला. मी, नवरा प्रशांत आणि आमची एकुलती एक लेक संघमित्रा, म्हणजे मित्रा. मित्रा नर्स आहे. गेल्या वर्षी तिने हॉस्पिटलची पर्मनंट नोकरी सोडली आणि 'ट्रॅव्हल नर्सिंग' करायचं ठरवलं. काही महिने या राज्यात, काही महिने त्या राज्यात. तेही एकटीने, आणि भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये नाही, तर ट्रक कॅम्परमध्ये राहून! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते... पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवायची एक छोटी खोली असते, तिला ट्रक कॅम्पर म्हणतात. आत ओटा, बाकडं, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर येतो त्या भागात बिछाना. बस्स, एवढ्यात संसार.

खरं सांगते, मला ते अजिबात मान्य नव्हतं. मोंटानासारख्या ठिकाणी, जिथे मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही, तिथे माझी पोर एका डब्यात एकटी झोपणार या कल्पनेनेच माझी झोप उडाली होती. पण पंचविशीतल्या अमेरिकन मुलीला 'नको जाऊस' म्हणून थांबवता येतं का? मग मी आईपणाचा दुसरा मार्ग धरला. म्हटलं, जायचंच असेल तर तो डबा मी स्वतः मजबूत करून देते.

कॅम्पर मित्रानेच शोधला होता. टेनेसीच्या डोंगरात राहणाऱ्या डोना नावाच्या बाईंकडून. त्यांच्या आईवडिलांचा होता तो. जुना, सगळा अॅल्युमिनियमचा, विमानासारखा पत्र्याला पत्रा रिव्हेटने, म्हणजे बिनआट्याच्या धातूच्या खिळीने, जोडून बांधलेला. बाहेरून मळकट झाला होता, पण घाट इतका देखणा की मी मनातल्या मनात विरघळले. ड्राइव्हवेत ठेवला असता तर सोसायटीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी नोटीस पाठवली असती, म्हणून छतावरचं व्हेंट काढून, बुटक्या चाकांच्या पाट्यावर चढवून, तो कसाबसा गॅरेजमध्ये सरकवला. आतली सगळी लाकडी भिंत कुजलेली निघाली. ती उपटून टाकली, तेव्हा उरला फक्त पत्रा आणि त्याच्या फासळ्या. दोन्ही बाजूंचे खालचे पत्रे सडले होते, ते कापून नवीन बसवायचे होते.

आता इथे कामाची पद्धत समजून घ्यावी लागेल, कारण सगळं तिच्यावरच आहे. हा रिव्हेट एकट्याने मारता येत नाही. बाहेरचा माणूस हवेच्या गनने रिव्हेटच्या डोक्यावर ठोकतो, आणि त्याच वेळी आतला माणूस दुसऱ्या टोकावर एक जड लोखंडी ठोकळा दाबून धरतो. त्या ठोकळ्यावर आपटून रिव्हेटची शेपटी चपटी होते आणि पत्रा पक्का बसतो. आत ठोकळा नसेल तर शेपटी चपटी होणारच नाही. रिव्हेट नुसता आत सरकतो आणि पत्र्याला पोचा पडतो. यात मतमतांतराला जागा नाही.

मित्रा बाहेर गन धरायची, मी आत ठोकळा. मध्ये पत्रा, त्यामुळे एकमेकींना दिसायचो नाही, आणि कॉम्प्रेसरच्या धडधडीत दोघींच्या कानांवर आवाज अडवणारे मफ. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. मी आतून पत्र्यावर ठोकळ्याने टकटक करायची, तिला ते बाहेर तळहाताला जाणवायचं. एक ठोका म्हणजे झालं, पुढचा घे. दोन म्हणजे अजून थोडा मार. तीन म्हणजे बिघडला, ड्रिल करून काढ. एवढीच आमची भाषा. गंमत म्हणजे, या भाषेत आम्ही मायलेकी जितक्या गुण्यागोविंदाने बोललो तितक्या तोंडाने कधीच बोललो नसू.

तो ऑक्टोबरातला रविवार होता. लख्ख ऊन, गॅरेजचं मोठं दार उघडं, समोर शेजाऱ्यांची मुलं सायकली फिरवत होती. प्रशांत ऑफिसच्या कामासाठी दुसऱ्या राज्यात, प्लेनोला गेला होता, म्हणजे घरात आम्ही दोघीच. डावीकडच्या पत्र्याची नवी ओळ सुरू करणार, इतक्यात माझा फोन थरथरला. बाबा. रविवारी त्यांचा फोन चुकवला तर आठवडाभर ऐकून घ्यावं लागतं. मित्रा पाठमोरी, रिव्हेटचा डबा धुंडाळत होती. मी ठोकळा आत फळीवर ठेवला, कॅम्परच्या मागच्या दारातून उतरले, तिच्याकडे बघून हात हलवला आणि किचनच्या दारातून घरात गेले. तिने मान हलवली असं मला वाटलं. तिने मला पाहिलंच नव्हतं. बाहेर जाण्यासाठी आमच्या भाषेत खूणच नव्हती ना!

बाबा गुडघ्याबद्दल सांगत होते. मी चहा टाकला. भिंतीपलीकडून गनचा आवाज येत होता... टर्रर्र, मग शांतता, मग टर्रर्र. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, की मी इथे आहे तर ही रिव्हेट मारतेय कशी? पण बाबांचा फोन म्हणजे बाबांचा फोन. आवाज बराच वेळ चालला. मग थांबला. मी फोन ठेवला, दोन कप घेतले आणि किचनचं दार पायाने ढकलून गॅरेजमध्ये आले.

मित्राची पाठ माझ्याकडे होती. कानावरचे मफ गळ्यात ओढलेले. ती कॅम्परच्या मागच्या दाराकडे बघत होती. ते दार माझ्यादेखत, सावकाश, पूर्ण उघडलं. आणि मित्रा आतल्या काळोखाकडे बघून म्हणाली, "कम ऑन आई, उतर ना. व्हॉट आर यू वेटिंग फॉर?"

मी मागून म्हटलं, "कुणाशी बोलतेयस गं?"

तिच्या हातातली गन खाली पडली. ती वळली तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. ओठ पांढरेफटक. ती माझ्याकडे बघे, मग त्या दाराकडे, मग परत माझ्याकडे.

"तू आत होतीस," ती म्हणाली. "आई, यू वेअर इन देअर. यू टॅप्ड."

मी कप खाली ठेवले आणि आत चढले. आत कुणी नव्हतं. लपायला जागाच नव्हती, नुसत्या फासळ्या. नवी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण झाली होती. प्रत्येक रिव्हेटची शेपटी छान, गोल, बरोबर मध्यावर चपटी. माझं मनगट अधू आहे, माझे रिव्हेट नेहमी उजवीकडे झुकतात, ते शेजारच्या ओळीत दिसतच होतं. हे माझ्यापेक्षा कितीतरी सुबक होते. ठोकळा मी ठेवला तिथेच फळीवर होता. मी उचलला आणि लगेच सोडला. गरम होता. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, ठोके खाऊन खाऊन ठोकळा तापतो. नुसता पडून राहिलेला तापत नाही.

आम्ही अंगणात जाऊन बसलो. चहा तसाच राहिला. मित्रा नर्स आहे, सहजी घाबरणाऱ्यातली नाही. तिने सांगितलं... प्रत्येक रिव्हेटनंतर एक ठोका येत होता. मध्येच एकदा दोन आले, म्हणून तिने अजून मारला. शेवटी चार आले.

"व्हॉट्स फोर, आई? वी डोन्ट हॅव अ फोर. मला वाटलं तुला ब्रेक हवाय, म्हणून मी थांबले. मग दाराचा लॅच फिरला."

दुसऱ्या दिवशी मी इंजिनिअरसारखं वागायचं ठरवलं. एकटीच गॅरेजमध्ये गेले, ठोकळा बाहेर आणून ठेवला, एका भोकात रिव्हेट घातला आणि गन चालवली. व्हायचं तेच झालं. रिव्हेट आत सरकला, पत्र्याला पोचा पडला. म्हणजे निसर्गनियम आमच्या गॅरेजमध्ये अजून शाबूत होते. ते बघून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

प्रशांत परत आला आणि त्याने त्याच्या परीने कारणं दिली. ऊन लागून पत्रा प्रसरण पावतो, त्याचे आवाज होतात. लॅच जुना आहे, हादऱ्याने निसटला असेल. "तूच मारून विसरली असशील, यार!" हेही म्हणून झालं. मी त्याला आत नेऊन ती ओळ दाखवली आणि म्हटलं, प्रसरण पावून एक तरी असा रिव्हेट करून दाखव. तो बराच वेळ बोटाने शेपट्या चाचपत राहिला. नंतर त्याने तो विषय काढला नाही.

पुढच्याच आठवड्यात मागच्या दाराच्या किल्लीसाठी मी डोनाबाईंना फोन केला. बोलता बोलता विचारलं, या कॅम्परचं काम आधी कुणी केलं होतं का? त्या म्हणाल्या, "शुअर, मॉम अँड डॅड." जुने पत्रे त्या दोघांनीच कोठारात बदलले होते. वडील बाहेर गन घेऊन, आई आत ठोकळा घेऊन. मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, चार ठोक्यांची काही खूण होती का हो त्यांची?

मग त्या हसल्या. "ओ माय, तुम्हाला कसं कळलं? मॉमला बंद जागेत गुदमरायचं. फोर मेंट, थांब, मी बाहेर येतेय. मग डॅड जागच्या जागी गन बंद करायचे."

मला लाज वाटली, तरी विचारलं. नाही, त्यांची आई कॅम्परमध्ये वारली नव्हती. हॉस्पिटलमध्ये, सगळी मुलं भोवती असताना, शांतपणे गेली. "पण ती गेल्यावर डॅडनी कॅम्परला कुलूप लावलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही न्यायला आलात तेव्हाच मी ते उघडलं."

हे मी मित्राला सांगितलं. मनात, खोटं कशाला बोलू, आशा होती. आता तरी ही म्हणेल, नको आई, विकून टाकू, मी अपार्टमेंट बघते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तूच सांगत आलीस ना भूत नसतं? नसतं तर मग मी का जायचं नाही? अँड इफ देअर इज... मग आजोबांना आधी तसं सांग."

तिला थांबवायचं तर मला तोंडाने कबूल करावं लागणार होतं, की आत काहीतरी आहे. आणि ते कबूल न करता मी माझ्या मुलीला त्या काहीतरी असलेल्या डब्यात, हजारो मैल दूर, एकटीला पाठवणार होते. त्या आठवड्यांत मी कशी जगले ते माझं मला माहीत. काम पूर्ण केलं. भिंती, वायरिंग, ओटा, गादी. पुन्हा एकदाही ठोका आला नाही. तेही मला बरं लक्षण वाटेना.

निघायच्या दिवशी सकाळी मित्रा आणि प्रशांत ट्रकमध्ये पेट्रोल भरायला गेले. मी एकटीच गॅरेजमध्ये. आयुष्यात मी कशाला नवस बोलले नाही, कुणाची दृष्ट काढली नाही. मी कॅम्परचं मागचं दार सताड उघडलं, बाजूला उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "तुम्ही बाहेर या. तिच्याबरोबर जाऊ नका. ती लहान आहे. इथे राहा, आमच्याकडे जागा आहे, इथे कुणी दार लावणार नाही." मग लक्षात आलं की बाई टेनेसीच्या. म्हणून सगळं परत इंग्रजीत सांगितलं. स्वतःच्या मूर्खपणाचं हसूही येत होतं. बाबांनी बघितलं असतं तर मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

मित्रा गेली. आता ती मोंटानात आहे. रोज फोन येतो. कॅम्परमध्ये काही म्हणजे काही होत नाही, तिला गाढ झोप लागते. "इट्स सो क्वाएट, आई," म्हणते.

आणि आमच्याकडे... किचनमधून गॅरेजमध्ये उघडणारं ते दार रोज सकाळी उघडं सापडतं. थंडीत हीटिंग वाया जातं म्हणून प्रशांत ते झोपण्यापूर्वी स्वतः लावतो. त्याने लॅच बदलला, मग वरून कडी बसवली. कडी काढलेली असते, मोडलेली नसते. तो म्हणतो मीच झोपेत उठून काढत असेन. असेनही. दुसरं कारण माझ्याकडे नाही, त्या ओळीचंही नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. वाटते, चांगलीच वाटते. पण सकाळी चहाला उठून ते दार उघडं दिसलं ना, की आधी मला हायसं वाटतं. भीती त्यानंतर वाटते.