नानांनी फाडलेला कोपरा

नाना गेल्याचं कळलं ते मोबाइलवर, म्हणजे कोपरा न फाटता. पूर्वी आमच्याकडे मयताचं कार्ड कोपरा फाडूनच यायचं; वाचायच्या आधीच कळायचं. महिना झाला आता...

नाना माझे सख्खे चुलते, अवसरी बुद्रुकचे. मेंढरं विकून कागदाच्या गिरणीत लागले आणि परदेशातून येणारा लाकडाचा लगदा तपासण्यात त्यांची हयात गेली. वाळवलेल्या लगद्याच्या गासड्या बोटीनं यायच्या. कॅनडा-फिनलंडच्या थंडीतल्या झाडांचा धागा लांब, ब्राझीलच्या निलगिरीचा आखूड. "तिकडं बंदरात संप झाला, का हिकडं पोरांच्या वह्या महागत्यात," हे ते जेवणाच्या पंगतीतही सांगायचे. हातात कागद आला की कोपरा फाडून उजेडाला धरायचे. मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो. मला काही दिसायचं नाही, पण पुतण्यानं मान डोलवायची असते.

माझ्या लग्नाची पहिली पत्रिका घेऊन आणे गावाहून सासरे आले... होणारे. माझी तिशी उलटलेली, आधीच्या दोन सोयरिकी फिसकटलेल्या. नानांनी ताटातली हळदकुंकू लावलेली पत्रिका उचलली, टर्रकन कोपरा फाडला आणि दाराच्या उजेडात धरला.

सासरे उठून उभे राहिले. "पावणं, लेकीचं लगीन हाये. मयताचं कार्ड न्हाई हे."

आईनं तोंडाला पदर लावला. मी सवयीनं मान डोलवली, म्हणजे व्हायचं ते वाटोळं पुरतं झालं.

नानांना तेव्हा कुठं उमगलं. त्यांनी तो कोपरा सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला. "चुकलं राव. लोकर बघायचा हात हाये, ऐकत न्हाई. पन धागा लांब हाये बघा, बर्फातल्या झाडाचा. लई लांबून आलाय तुमच्या लेकीसाठी."

सासरे अजून मेंढरं राखणारे. त्यांनी तो तुकडा चिमटीत धरून लोकरीसारखा ओढला. पुन्हा ओढला.

"तुटायला जड हाये," म्हणाले, आणि खाली बसले. आईनं चहा टाकला.

नानांच्या दशक्रियेला जुन्या सोयऱ्यांना तरी कार्डंच पाठवायची असं ठरलं. कोपरे फाडायचं काम माझ्याकडे आलं. पहिला फाडला आणि हात आपसूक खिडकीकडे गेला. बायको शेजारी पत्ते लिहीत होती.

"कुठलंय?" तिनं विचारलं.

मला तेव्हाही काही दिसलं नाही.

"कॅनडाचं," मी म्हणालो. "लांब धागा."

तिनं मान डोलवली.