पंगतीबाहेर बसणारी बाई

शेवटी आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर संध्याकाळी ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलल्या. बाईनं सवयीनं दाणे ओळीत मांडले. म्हणाली, "सतरा हायेत. सारख्या ओळी होत नाहीत." मी म्हटलं, "मंग खाऊन टाक." हसली. सकाळी उठलीच नाही.

बाई म्हणजे माझी बायको. अमडापूरकडच्या आमच्या गावात ती प्राथमिक शाळेत शिकवायची, अन् मी चौथी नापास. पोरं बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणायचो.

मूळ अन् संयुक्त संख्या शिकवायच्या तर ती खडू हातात घेत नसे. पोरांची पंगत मांडायची. "सारख्या ओळी करा. कोणी उरलं नाही पाह्यजे." बारा पोरं सहा-सहाच्या दोन ओळींत बसत, चार-चारच्या तीन ओळींतही बसत. म्हणून बारा संयुक्त. एकोणीस मात्र कशीही बसवा, कोणीतरी उरतंच. नाहीतर सगळ्यांची एकच लांब ओळ. "हे मूळ संख्या. हिच्या सारख्या ओळी देवालेही जमत नाहीत." शेतातून येताना मी खिडकीशी थांबायचो. मला गणित तिथंच कळलं. तिला कधी सांगितलं नाही.

एकदा उरली ती शेवंता, गावाबाहेरच्या वस्तीतली. बाजूला बसून रडली. संध्याकाळी तिचा बाप आमच्या दारात. "बाई, माह्या पोरीले पंगतीबाहेर काऊन बसवलं? आमचे बापजादे बाहेरच बसले. आता शाळेतबी? उद्यापासून पोरगी येनार नाही."

बाईचं तोंड उतरलं. "दादा, गणिताच्या नादात मी पंगत म्हटलं. पंगतीबाहेर बसनं म्हंजे काय, हे माह्या ध्यानात याले पाह्यजे होतं. चूक माही." तशीच चपला घालून त्याच्यासंगं गेली. त्याच्या घरी म्हणाली, "भूक लागली. भाकर वाढा." सगळ्यांसोबत ओळीत बसून जेवली.

शेवंता शाळेत आली. पुढं बाई तिला मोजायला उभी करायची. बाकीची अठरा पोरं अन् एकोणिसावी बाई स्वतः. "उरायचं असंल तं मी उरीन."

मला म्हणाली, "तुमीबी चाला ना एकदा शेवंताच्या घरी जेवाले." मी म्हटलं, "तू बाटली तेवढं पुरे." पुढं त्या घरून दर वर्षी बोलावणं यायचं. ती एकटीच जायची. खोटं काऊन लिहू?

बाईला पोचवून आलो, त्या दिवशी चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता डबा घेऊन आली. दोन पोरांची आई आता. भावकीच्या बाया बसलेल्या पाहून तिनं डबा उंबऱ्याबाहेर ठेवला अन् वळली.

"शेवंते, कुठं चालली? आत ये."

भावजय कुजबुजली, "भाऊजी, आपल्या घरून पिठलं येऊन राह्यलं न."

"येऊ दे. ते तुमी खा."

मी स्वतः उठलो, डबा आत घेतला, दोन ताटं आणली, शेजारी-शेजारी मांडली. शेवंता उभीच. म्हटलं, "बस वं पोरी, भूक लागली."

ती बसली. मग मी भाकर मोडली.