झेंड्याची उलटी बाजू

कॉव्हेंट्रीत कुणाचा ब्लाउज दंडात घट्ट झाला, की सुनीतीकाकूंची बेल वाजतेच. चाळीस वर्षं झाली, काकू शिवताहेत. फोटोत नवरी मिरवते. शिवणारीचं नाव कोण कशाला लिहितंय? त्यामुळे म्युझियममधली सान्वी जेव्हा म्हणाली, "कार्डवर तुमचं नेम येणार, काकू," तेव्हा काकू हरखूनच गेल्या.

काम होतं प्रदर्शनासाठी एक जुना झेंडा नव्यानं शिवायचं. १७७५ सालचा, अमेरिकेतल्या तेरा वसाहतींचा. तेरा लाल-पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात चक्क इंग्लंडच्या राजाचं निशाण!

"अगं, लढाई राजाशी आणि झेंड्यात तोच?"

"तेव्हा फक्त राइट्स पाहिजे होते. सेपरेट व्हायचं नंतर ठरलं."

काकूंनी जीव ओतून शिवला. सान्वीनं तो उलटला आणि तिचा चेहराच पडला. मागे सगळ्या शिलाया उघड्या, दोरे लोंबताहेत. ब्लाउजला अस्तर असतं, आत कोण बघतंय? हात सवयीनं चालला होता.

"काकू, हा दोन रूम्सच्या मधल्या डोअरमध्ये लटकणार. इकडून अमेरिका, तिकडून ईस्ट इंडिया कंपनी."

तिनं कंपनीच्या जहाजाचं जुनं चित्र दाखवलं. तेच पट्टे, कोपऱ्यात तेच निशाण! कुणी कुणाचं पाहून केलं, की कुणीच नाही, हे आजही नक्की ठाऊक नाही म्हणे. काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढंसं कापड; त्याच्याखाली एक देश सुटायला निघाला होता आणि तसल्याच कापडाखाली आपला अडकत चालला होता. आणि हे सगळं आपल्या मांडीवर पसरलं होतं, याचं त्यांना भयंकर नवल वाटलं.

"परवा ओपनिंग आहे. प्रिंटेड मागवू का?"

म्हणजे नाव गेलंच! "खबरदार," काकू म्हणाल्या.

दोन दिवस जेवणाची शुद्ध नव्हती. पट्ट्यांमधल्या बाराही शिवणी उसवल्या, कडा आत दुमडून हातानं पुन्हा घातल्या.

उद्घाटनाला काकू कंपनीच्या खोलीत उभ्या राहिल्या. कार्डावर नाव होतं. मग झेंड्याखालून वाकून त्या अमेरिकेच्या खोलीत गेल्या आणि वळून पाहिलं. सुलट बाजू कुठली, उलट कुठली, त्यांनाच सांगता येईना. खाली दुसरं कार्ड होतं. देश वेगळा, इतिहास वेगळा. शेवटच्या ओळीत मात्र इथंही सुनीतीच.