बिनक्लचची गाडी आणि ग्यानबाअण्णा

ग्यानबाअण्णा गाडीत बसले की आधी डाव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सरकवत आणि तो अनवाणी पाय दुमडून स्वतःच्याच मांडीखाली दाबून टाकत. उजवा पाय तेवढा चपलेसह खाली. मी उदगीरहून नर्सिंग करून नव्या नोकरीवर निघाले होते. मुडबीच्या पुढे फाट्यावर मला न्यायला ते आले, तेव्हा हा प्रकार पाहून मी घाबरले. म्हटलं, झालं! हॉस्पिटलचा ड्रायव्हरच लंगडा. मी तोंडाची फटकळ, लगेच विचारलं, "पायाला काय झालंय तुमच्या?"

"काय बी न्हाई अक्का. ह्या गाडीत डाव्या पायाला कामच न्हाई. आन् रिकामा पाय लई वंगाळ, मधीच कायतरी दाबून बसतंय. म्हणून निजवून ठिवलाव."

गाडी होती परदेशी, लांबलचक, स्टेअरिंग डावीकडे. आमच्या ट्रस्टच्या दहा खाटांच्या हॉस्पिटलात पूर्वी एक परदेशी डॉक्टर नवराबायको होते, ते मायदेशी जाताना ठेवून गेले. मागची सीट काढून तिथे गादी टाकली होती, म्हणजे तीच आमची अॅम्ब्युलन्स. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडत. स्टेअरिंगजवळ एक दांडी आणि तिच्यापुढे चार इंग्रजी अक्षरं. अण्णा शाळेत फार गेलेले नव्हते, पण ही चार अक्षरं त्यांना झोपेतही दिसत असावीत. "पी म्हंजे बसली, आर म्हंजे मागं, एन म्हंजे मोकळी, डी म्हंजे चालली. मला एवढंच इंग्लिश येतंय अक्का, आन् एवढ्यावरच पोट भरायलंय."

थंडीच्या दिवसांत त्यांचं गाडी चालू करणं बघण्यासारखं असे. आमच्याकडे पुष्यात, म्हणजे पौषात, माळावरून असा गार वारा सुटतो की हातपंपाची दांडी धरवत नाही. रात्री बॉनेटवर घातलेलं घोंगडं अण्णा सकाळी सहाला काढत. शेडची दोन्ही दारं सताड उघडत, कारण "धूर दिसत न्हाई, पर माणसाला निजवतंय." काचेवरचं दव कोरड्या फडक्यानं पुसत. मी एकदा गरम पाण्याची किटली घेऊन गेले तर माझ्यावरच ओरडले, "काच तडकंल की! कामून घाई करायलाव?" मग चाकांना दगड आहेत ना बघणं, हँडब्रेक बघणं, दांडी पी-वर आहे ना ते बोट लावून बघणं. ब्रेकवर पाय. अॅक्सिलरेटर एकदाच दाबून सोडायचा, मग किल्ली. उठली तर उठली, नाहीतर लगेच सोडून मनात वीस आकडे मोजायचे आणि पुन्हा.

गाडी उठली तरी ते निघत नसत. थंड इंजिन सुरुवातीला तावातावानं ओरडतं. ते आपोआप खाली उतरेपर्यंत अण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहत. कोणी म्हटलं, "चला की अण्णा," तर म्हणत, "आत्ता डी टाकली तर उडीच मारंल. तिचा राग उतरू दे. ब्रेकवरला पाय काढला की ही आपलीआपण चालती, बैलासारखी हाकावं लागत न्हाई. म्हणूनच भ्यावं लागतंय." दसऱ्याला लोक गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवत. अण्णांचं घर बौद्ध, आणि तसंही त्यांना हा प्रकार पटत नसे. "चाकाखाली लिंबू नगं, दगूड पायजे," एवढं बोलून ते दगड सारखा करत.

आपल्यामागे ही गाडी कोण चालवणार, याची त्यांना काळजी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. आमच्या कंपाउंडरला त्यांनी महिनाभर शिकवलं. त्याला घरच्या जीपची सवय. ट्रस्टचे सेक्रेटरी शेजारी बसलेले, गाडी भरधाव, समोर वळण. कंपाउंडरनं सवयीनं डावा पाय क्लचसाठी गच्च दाबला आणि तो पडला ब्रेकवर. सेक्रेटरींचं कपाळ काचेला. नारळाएवढं टेंगूळ! मी पट्टी बांधताना हसू दाबत होते आणि अण्णा दारात उभे राहून कंपाउंडरला म्हणत होते, "तुला म्हनलं न्हवं, डावा पाय निजव म्हणून?" त्यानंतर शिकायला कोणी आलं नाही.

आता आमच्या गावाची एक खोड सांगितली पाहिजे. गावात रोज एक बस मुक्कामाला असे. थंडीत ती सकाळी कधीच सेल्फवर उठत नसे. मग गुरुजी, पाटील, बाजाराला निघालेल्या बाया, सगळे उतरून तिला ढकलत. धाड् करून बस चालू झाली की टाळ्या. गावातली जीप, ट्रक, ट्रॅक्टर, सगळं ढकलूनच उठे, त्यामुळे ढकलल्यावर उठत नाही असं यंत्र देवानं केलेलंच नाही अशी लोकांची पक्की समजूत. अण्णांची गाडी जरा कुरकुरली की दहाजण बाह्या सरसावून पळत येत. अण्णा हात जोडत. "अरे बाबानो, हिच्या इंजनात आन् चाकात मधी तेल हाय, दांडा न्हाई. इंजन फिरल्याबिगर त्या तेलाला जोर येत न्हाई. तुमी गुलबर्ग्यापतूर ढकलत न्या, ही उठायची न्हाई." लोक हसून म्हणत, "म्हातारा गाडीला हात लावू देईना."

अण्णांना एकच मुलगी, कमल. निंबर्ग्याकडे दिली होती. पहिलं बाळंतपण सासरी झालं, अडलं, बैलगाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत मूल गेलं. दुसऱ्या खेपेला अण्णा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "अक्का, ह्या बारीला तसं हुऊ द्यायचं न्हाई. माझ्या हाताखाली गाडी हाय." सुईणीपासून सगळ्यांना ते हेच सांगत. दिवस भरत होते ते नेमके पुष्यातच. आणि गाडीची बॅटरी मरायला टेकलेली. अण्णा दिवाळीपासून नवी बॅटरी मागत होते. सेक्रेटरी कानडीत एवढंच म्हणत, "नोडोण." म्हणजे बघू. अण्णांनी मग ठरवलं की आठ दिवस आधीच तिला गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ठेवायचं.

कळा वीस दिवस आधी सुरू झाल्या. पहाटे पाचला अण्णा आणि त्यांची बायको कमलला धरून हॉस्पिटलात घेऊन आले. डॉक्टर चार दिवसांच्या रजेवर. म्हणजे सगळं माझ्यावर. मी तपासलं, कळा साध्या वाटल्या. अण्णा तोवर शेडमध्ये गेले होते. तिसऱ्या खेपेला गाडी उठली. त्यांनी ती व्हरांड्यासमोर आणून लावली आणि चालूच ठेवली.

अर्धा तास तो आवाज. वॉर्डात पेट्रोलचा वास. मी बाहेर गेले आणि माझ्या नेहमीच्या स्वरात म्हणाले, "बंद करा ती गाडी! धूर आत येतोय, बाळंतपण चाललंय आत."

"लांब लावतो अक्का."

"लांब काय लावता? अन् पेट्रोल किती आहे? इथेच जाळलंत तर गुलबर्ग्यापर्यंत काय ढकलत नेणार?"

 ते म्हणाले, "बंद केली तर परत उठंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

"आत्ता उठली ना? मग नंतर पण उठेल. इंजिन तापलंय आता."

मला गाडीतलं काय कळत होतं? काही नाही. पण ती माझी हद्द होती आणि मला उलट बोललेलं खपत नसे. अण्णांनी किल्ली फिरवली. सहाला मुक्कामी बस ढकलून चालू झाल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, "बसनं नेऊ का लेकराला?" मी म्हटलं, "घरची गाडी असताना बस कशाला?"

पावणेसातला बाळाचा हात बाहेर आला.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूल पोटात आडवं असलं की असं होतं. ऑपरेशनशिवाय सुटका नाही, आणि ऑपरेशन गुलबर्ग्याला.  मी ओरडले, "अण्णा, गाडी!" आम्ही कमलला गादीवर निजवलं, मी तिच्याजवळ बसले. अण्णांनी चप्पल काढली, पाय दुमडला, सगळं नेहमीसारखं केलं. किल्ली फिरवली. टक्. वीस मोजले. टक्. पुन्हा वीस मोजले. या वेळी टक्-ही झालं नाही.

गावात एकच ट्रॅक्टर, तो उसासाठी कोहिनूर गावाला गेलेला. त्याची बॅटरी आणायला कंपाउंडर सायकलवरून निघाला, येईपर्यंत दोन तास. पुढची बस साडेनऊची. बैलगाडी आली, पण त्या अवस्थेत तिला उचलून धक्के खात न्यायचं म्हणजे जीव घेणंच. डांबरी सडक दोन मैलांवर, तिथे एखादा ट्रक मिळाला तर मिळाला.

आणि गाव धावून आलं. पन्नास-साठ माणसं. ज्यांच्या घरी अण्णांना चहा वेगळ्या कपात मिळे, तेही. "अण्णा, तू नुसता बस! आमी ढकलताव! बघ कशी उठत न्हाई!" अण्णांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हात जोडणारा माणूस, त्या दिवशी त्यानं हात जोडले नाहीत. दांडी एन-वर टाकली, हँडब्रेक सोडला, आणि लोकांना म्हणाला, "चला."

गाडी हलली. लोक ओरडत होते, "अण्णा, आता टाक! आता टाक गिअर!" अण्णा मान हलवत आणि नुसतं स्टेअरिंग धरून बसत. त्यांना माहीत होतं की ही उठणार नाही. मलाही माहीत होतं. ढकलणाऱ्यांना मात्र प्रत्येक उताराला वाटत होतं की आता उठेल. खड्डा आला की अण्णा हळूच ब्रेक लावत, मागच्या गादीला हिसका बसू नये म्हणून.

अर्ध्या वाटेवर कमलनं डोळे उघडले. "अप्पा, निघालाव का आपण?"

"व्हय बाई, निघालाव."

"आवाज येईना की गाडीचा."

अण्णांनी मागे न बघता सांगितलं, "परदेशी गाडी हाय बाई. आवाज करत न्हाई."

ती हसली बहुतेक, किंवा मला तसं वाटलं. तिचा हात माझ्या हातात होता आणि गादी रक्तानं भिजत चालली होती. पुढच्या वळणाच्या आत ती गेली. मी नाडी सोडली आणि अण्णांच्या खांद्याला हात लावला. ते समजले. बाहेर लोक घामानं डबडबून ढकलत होते, कोणीतरी जोर देण्यासाठी ओरडत होतं. मी काच खाली करायला लागले तर अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या अक्का. सांगू नगा. सडकंपतूर येऊ द्या त्येन्ला."

सडकेवर आलो तेव्हा एक ट्रक उभा होता.

अण्णा पंधरा दिवसांनी कामावर आले. गाडी पुढे भंगारात गेली, ट्रस्टनं जीप घेतली, अण्णांनी ती चालवायला नकार दिला आणि वॉचमन म्हणून राहिले. माझ्याशी पहिल्यासारखंच बोलत. त्यांनी एकदा तरी म्हणावं, "अक्का, तुम्ही बंद करायला लावली," म्हणून मी वाट पाहिली. दोन शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. ते कधीच म्हणाले नाहीत. बरीच वर्षं मी ते पोटात घेऊन बाळंतपणं करत राहिले, आणि कुठल्याच ड्रायव्हरला पुन्हा हुकूम केला नाही.

शेवटी त्यांना दिसेनासं झालं, खाटेला खिळले, तेव्हा मी घरी गेले. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला. मी एकदाचं बोलून टाकलं. "अण्णा, त्या दिवशी गाडी मी बंद करायला लावली. कमल माझ्यामुळे गेली."

 ते माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "न्हाई अक्का. तुमाला गाडीतलं काय कळतंय? मला कळत हुतं. ती परत उठायची न्हाई, हे मला पक्कं म्हाईत हुतं. तुमी शिकलेल्या, तुमच्यापुढं तोंड उघडवलं न्हाई मला. पोरीच्या जिवापक्षा मला तुमचीच भीती जास्ती वाटली."

चहा आला. मी तो प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.