दत्ताची इतिहासाची वही

काल सकाळी फिरून येताना जनाबाईंच्या अंगणात, खाटेवर, वह्या पसरलेल्या दिसल्या. त्यांच्या मुलाच्या, दत्ताच्या, दहावीच्या. दत्ता माझा विद्यार्थी. पुढे फौजेत गेला आणि सीमेवरच्या लढाईत मारला गेला. पावसाळा सरला की जनाबाई त्याच्या वह्यांना ऊन दाखवतात, गोधड्यांना दाखवावं तसं.

इतिहासाची वही मी उचलली. प्रश्न होता, युद्धे का होतात? दत्तानं तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: सीमेचे वाद, पाणी आणि जमीन, सत्तेची हाव, शस्त्रांची चढाओढ. तीस वर्षं हीच आणि अशीच आणखी दोन-चार कारणं मी फळ्यावर लिहीत आलो. मुलं घोकायची, मी गुण द्यायचो, आणि तास संपला की युद्धही संपायचं.

जनाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, ह्यातल्या कुठल्या कारणापायी गेला हो माझा दत्ता?"

मी पुन्हा वाचलं. एकेक कारण खरं होतं. पण त्या माउलीच्या तोंडाकडे बघून सांगता येईल, असं त्यात एकही नव्हतं.

उत्तराच्या खाली माझा शेरा होता. लाल शाई अजून तशीच ठसठशीत.

"कारणे अपुरी."